मंछामायची भिंत

कुणाच्याही घरी गेले की मी भिंतीला हात लावते. चहा येईपर्यंत गप्पा मारता मारता हात आपोआप मागे जातो आणि उलटा भिंतीला टेकतो. यजमानांना वाटतं, बाईंना रंग आवडला. एका वहिनींनी तर मला रंगाचा नंबरसुद्धा सांगितला आणि मी मुकाट्याने मान डोलावली. मी रंग बघत नसते, ओल बघत असते, आणि ही खोड मला मंछामायने लावली. ती स्वतः हात नाही, गाल लावायची. तापलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते तसा.

मी मूळची कोकणातली. आमच्याकडे बुरशी म्हणजे घरचंच माणूस. श्रावणात चपलेला येते, पट्ट्याला येते, वातींच्या डब्यात येते. आपण पुसतो, ती परत येते, दिवाळीच्या उन्हात निघून जाते. तिच्यावर कुणी डूख धरत नाही. शिक्षिका म्हणून माझी नंदुरबार जिल्ह्यात बदली झाली तेव्हा मनात आलं, बाकी काही असो, बुरशी तरी सुटली. प्रकाशा या गावाजवळ, तापीकाठच्या एका गावात शाळा मिळाली. तिथला उन्हाळा असा, की दोरीवर दुसरा टॉवेल टाकेपर्यंत पहिला कडक होतो. अशा गावात मी एका बाईला बुरशीपुढे हरताना पाहिलं.

मंछामाय माझी घरमालकीण. गुजर घरातली, साठीच्या पुढची, अंगाने काटक, नाकात चमकी, डोक्यावरचा पदर कधी न ढळणारा. मी खोली बघायला गेले तर तिने मला जिन्याशीच अडवलं. "बाई, आदी पानी प्या. खोली कोठे पयी जाई ऱ्हायनी?" आणि तिने जो तांब्या पुढे केला तो इतका भरलेला होता की धरल्याबरोबर माझी ओंजळ, मनगट, साडीच्या निऱ्या, सगळं भिजलं. मी "अहो, अहो" करत राहिले. तिला काहीच वाटलं नाही. "अर्धा तांब्या मन्हा घरमा कोन्ही कोन्हाले देत नही," ती म्हणाली आणि मग मला वरची खोली दाखवली.

या तांब्याचं मूळ माजघरात होतं. गुजर घरांत पाण्याचे माठ ठेवायची एक दगडी बैठक भिंतीला लागून बांधलेली असते, तिला पाणियारा म्हणतात. ती नुसती पाण्याची जागा नव्हे. घरातली गेलेली माणसं तिथे असतात असं मानतात. संध्याकाळी तिथे दिवा लागतो, नवी सून आली की आधी तिथे वाकते. मंछामायच्या पाणियाऱ्यावर दोन मोठे माठ आणि एक तांब्याची घागर. रोज सकाळी अंघोळ झाली की ती ते भरायची आणि भरून थांबायची नाही. पाणी तोंडाशी येऊन बाहेर ओघळायला लागलं की आणखी एक कळशी ओतायची. ओघळणाऱ्या पाण्याला हात लावून तो हात कपाळाला टेकायची. तेव्हा तिच्याशी कुणी बोलायचं नाही, हा घरचा नियम होता. तिची नात हिरलसुद्धा तेवढा वेळ दारात गप्प उभी राहायची.

असं का, ते मला गल्लीतून कळलं. तिचे यजमान, सगळे त्यांना आप्पा म्हणत, केळीच्या मळ्यात उन्हाळ्यात वारले. सकाळी मोटार चालू करायला गेले, वीज नव्हती, विजेची वाट बघत थांबले. मळ्याच्या रस्त्यालगत एका कडुलिंबाखाली सापडले तेव्हा शेजारी पाण्याचा डबा होता आणि तो रिकामा होता. पुढे एकदा ती स्वतःच मला म्हणाली, "जलमभर केळीसले पानी पाजं त्यासनी. आन् त्यासले पाजाले कोन्ही नव्हतं."   

आता भिंतीचं. आप्पा गेल्यावर तिचा मुलगा जगदीश याने घर पक्कं केलं. बाहेरून नवं दिसायचं, पण माजघर आणि आतली झोपायची खोली यांच्यामधली भिंत जुनीच, मातीत रचलेल्या विटांची. तिला दोन्ही बाजूंनी सिमेंटचा गिलावा झाला. शेणाच्या जमिनीवर फरशी आली. पाणियाऱ्याची जुनी बैठक मात्र मंछामायने हलवू दिली नाही, म्हणून जगदीशने तिच्यामागे पुरुषभर उंचीपर्यंत काळा चकचकीत ग्रॅनाइट लावून घेतला. बापाची जागा चांगली दिसावी एवढीच त्याची इच्छा. आणि त्याच वर्षी पावसाळ्यानंतर झोपायच्या खोलीत, हिरलच्या पलंगाच्या उशाशी, भिंतीवर पहिला काळा ठिपका उठला.

मी राहायला गेले तेव्हा या ठिपक्याचं खटलं झालं होतं. मंछामाय सकाळी उठून आधी त्या भिंतीला गाल लावायची. मग तिचा आवाज वरपर्यंत यायचा, "उनी भवानी परत!" मग बादली, तारेचा ब्रश, ब्लीचिंग पावडर. घासून घासून भिंत पांढरी करायची आणि विजयी मुद्रेने बाहेर यायची. पंधरवडा गेला की हिरवट झाक, मग करडी लव, मग पुन्हा काळं. तिने चुन्यात तुरटी घालून हात दिला. कडुनिंबाचा पाला जाळून खोलीत इतका धूर केला की शेजारचे घागरी घेऊन धावत आले. जगदीशने शहाद्याहून महागडा ऑइलपेंट आणला, तो आतून फुगला आणि त्याचे पापुद्रे सुटले. मग कुणीतरी सांगितलं, टाइल लावा. कमरेइतक्या टाइल लागल्या. बुरशी टाइलच्या वरून निघाली, आधीपेक्षा उंच.

मीही माझं कोकणी ज्ञान पाजळलं. "माय, खिडकी उघडी ठेवा, हवा खेळू द्या." ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत राहिली. खिडकीच्या दिशेला नदी. ओल नदीकडून आत येते असं तिचं पक्कं मत, म्हणून तिने त्या खिडकीच्या फटींत कापूस कोंबून ती खिळ्यांनी बंद केली होती. मी पुन्हा सुचवलं तेव्हा म्हणाली, "बाई, तुम्ही पोरसले पाढा शिकाडा." त्यानंतर मी दोन दिवस तोंड फुगवून होते. तिसऱ्या दिवशी तिने वाफवलेल्या डाळीच्या फुणक्यांची वाटी वर पाठवली, आणि फुणके इतके चांगले होते की माझा राग टिकला नाही.

गंमत वाटावी असं हे सगळं, पण घरात कुणी हसत नव्हतं, कारण हिरलला श्वास पुरत नव्हता. पाच-सहा वर्षांची पोर, माझ्याच शाळेत पहिलीला. वर्गात बसल्या बसल्या तिची छाती वाजायची. खेळायला गेली की सगळ्यांच्या आधी परत येऊन ओट्यावर बसायची आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून तोंडाने हवा ओढायची. घरात वाफेचं मशीन आणलं होतं. ते घुर्र करायला लागलं की मंछामाय पोरीच्या पाठीवर हात फिरवत बसायची आणि तिचे स्वतःचे ओठ पोरीच्या श्वासाबरोबर उघडमीट व्हायचे. हे मी बघितलं आहे आणि ते बघवत नसे.

शहाद्याच्या डॉक्टरांनी तपासून विचारलं, "घरात कुठे ओल आहे का?" साधा प्रश्न. मंछामायला तो शिवीसारखा लागला. "डाक्टर, मन्हा घरमा झुरळ बी दिखत नही!" असं ती तिथल्या तिथे कडाडली. पण घरी आल्यावर खोलीत जाऊन बसली आणि जेवायला उठली नाही. तिची सून कल्पना ताट घेऊन दारात उभी राहिली आणि तशीच परत गेली. कल्पना फार बोलत नसे. सासूसमोर तर नाहीच. पदराआड मान खाली, हाताला काम, असा तिचा दिवस जायचा.

दोष कुणाचा तरी हवाच होता. नदी झाली, गच्ची झाली, गवंडी झाला, मग पाळी आली रज्जाकभाईंची. रज्जाकभाई शेजारी, वेल्डिंगचं काम करणारे, वयाने जगदीशच्या वडिलांच्या बरोबरीचे. त्यांची मोरी मंछामायच्या घराकडच्या अंगाला. एके सकाळी ती गल्लीत उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "रज्जाकभाई, तुन्ही मोरी मन्ही भीत खाई ऱ्हायनी. मन्ही पोरना जीव जाई आते!" रज्जाकभाईंनी हातातला चष्मा खाली ठेवला. ते आत गेले. थोड्या वेळाने घण पडल्याचे आवाज यायला लागले. त्यांनी आपली चांगली बांधलेली मोरी फोडली होती, भिंतीच्या बाजूची, पार खालच्या मातीपर्यंत. मग ते बाहेर आले, अंगभर सिमेंटची धूळ. "आओ भाभी. खुद हाथ लगाके देखो."

मंछामाय गेली. वाकली, मूठभर माती उचलली. ती तिच्या बोटांतून भुरभुर खाली पडली. तिने ती मूठ तशीच छातीशी धरली आणि तिला रडू फुटलं. भांडण हरल्याचं ते रडं नव्हतं. आता कुणाला दोष द्यायचा, तेच तिला सुचत नव्हतं. रज्जाकभाई म्हणाले, "रोने का नहीं, भाभी. मोरी का क्या, फिर बन जाएगी." तिने जगदीशला सांगून ती बांधून दिली, पण त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्या दारावरून जाताना ती पदर तोंडावर ओढून घ्यायची.

त्या हिवाळ्यात कल्पना हिरलला घेऊन माहेरी, रनाळ्याला गेली. तिथे पोरीचं मशीन एकदाही लागलं नाही. आजोळी शेरडांमागे पळाली, बोरं खाल्ली, रात्रभर झोपली. परत आली आणि आठवड्याच्या आत छाती वाजायला लागली. जगदीश गरीब स्वभावाचा, आईपुढे मान वर न करणारा. पण त्या दिवशी तो ओट्यावर आला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "माय, दिवाळीनंतरनंच मन्हा मनमा शे. उन्हाळामा आम्ही सुरतले जातस. तठे मन्हा साला ऱ्हास, त्याना शेजारमा खोली शे. पोरले आठे ठेवता येत नही." मंछामाय म्हणाली, "मन्हं घर पोरले सोसत नही का रे?"  ती उठून आत गेली, आणि थोड्याच वेळात तारेच्या ब्रशाचा आवाज सुरू झाला. त्या दिवशी तिने भिंत इतकी घासली की टाइलच्या वरचा गिलावा सुटून आतली वीट दिसायला लागली. तिची बोटं सोलवटली होती. मी ब्रश काढून घ्यायला गेले तर तिने तो सोडला नाही. "बाई, सोडा. हाई पोर गयी तं मी कोनासाठे उठू सकायमा?"

मधेच तिच्या मोतीबिंदूचं निघालं. दोन्ही डोळे एकामागून एक करायचे होते, म्हणून ती नवापूरला लेकीकडे राहायला गेली, चांगली महिना-सव्वा महिना. जाताना कल्पनाला सांगून गेली, दिवा लाव. माठांचं सांगायचं तिच्या डोक्यात आलं नाही. माठ भरायचे हे कुणाला सांगावं लागतं? इकडे कल्पनाने दिवा लावला, पण माठ भरले नाहीत. प्यायला घरात जार येत होता.

मंछामाय परत आली ती काळा चष्मा लावून. मी खालीच होते. आल्याबरोबर तिने हिरलला जवळ घेतलं, पोरीच्या छातीला कान लावला. शांत होती छाती. मग ती आत गेली आणि भिंतीला गाल लावला. दुसरा गाल लावला. टाइलच्या वरच्या उघड्या विटांवर दोन्ही हात पसरले. वीट कोरडी होती. काळे डाग होते, पण मेलेले, बोटाने झटकले की पडणारे. आम्हाला वाटलं, आता ही आनंदाने गल्ली डोक्यावर घेईल. ती पलंगाच्या कडेला बसली.  मग चष्मा काढून आमच्याकडे बघत म्हणाली, "मी नव्हती तं भीत कोरडी ऱ्हायनी. मंग ओल मीच शे ना?"

आम्हाला आधी कळलंच नाही ती काय म्हणते आहे. ती उठली आणि ट्रंकेतून लुगडी काढून गाठोडं बांधायला लागली. म्हणाली, मळ्यात खोली आहे, मी तिथे राहते, तुम्ही सुरतला जाऊ नका. पोरीला घर राहू दे. नवरा गेलेल्या बाईची सावली असते घराला, माझ्या सासूला मी हे बोलताना ऐकलं होतं, मला तेव्हा पटलं नव्हतं, आता पटलं. हे सगळं ती अगदी थंडपणे, गाठी मारता मारता बोलत होती. जगदीश "माय, काय बोली ऱ्हायनी" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. मला तिचा इतका राग आला, आणि इतकी दया आली, की मी ते गाठोडं हिसकून घेतलं. तिने ते परत ओढलं. दोन बाया गाठोडं ओढत उभ्या, असं ते दृश्य.

आणि तेव्हा कल्पना बोलली. दारातच उभी होती, पदर तसाच. "तुम्ही नही, माय. पानी शे. तुम्ही नव्हत्यात तं मी माठ भरेल नव्हतात."

 कल्पना पुढे सांगत राहिली, जीभ अडखळत, पण थांबली नाही. केर काढताना तिला रोज प्रश्न पडायचा. इतकं पाणी ओघळतं आणि फरशीवर येत नाही, मग जातं कुठे? बैठकीचा दगड आणि ग्रॅनाइट यांच्यामध्ये बोटभर फट होती. पाणी तिथून भिंतीत उतरत होतं, आणि पुढे चकचकीत ग्रॅनाइट असल्यामुळे त्या बाजूने कुणाला काही दिसत नव्हतं. ते निघायचं पलीकडून, हिरलच्या उशाशी. पूर्वी मातीची भिंत आणि शेणाची जमीन होती, ओल धरायची आणि वाळायची. आता सिमेंटमध्ये कोंडून बसली होती. कल्पनाला हे कितीतरी दिवसांपासून वाटत होतं. पण आप्पांच्या पाण्याबद्दल सुनेने तोंड कसं उघडायचं?

मंछामाय माजघरात गेली. पाणियाऱ्यासमोर उभी राहिली. कोरडे माठ, दिव्याची काजळी. मला वाटलं, ती कल्पनाला बोल लावेल. ती एवढंच म्हणाली, "मंग आते त्या पानी कोठे पितीन?"

आप्पा आता पाणी कुठे पिणार, हा प्रश्न तिने त्या दिवशी मला विचारला, जगदीशला विचारला, देवळातल्या पुजाऱ्यांना विचारला. पुजारी म्हणाले, नुसता दिवा लावला तरी पोचतं. तिला ते पटलं नाही. तहानेने गेलेल्या माणसाला दिवा काय करायचा? चार दिवस ती जेमतेम जेवली. एकदा मी तिला भरलेली कळशी कमरेवर घेऊन पाणियाऱ्यापुढे उभी असलेली पाहिली. आत हिरल काहीतरी बडबडत खेळत होती. तिचं बोलणं ऐकत मंछामाय उभी राहिली आणि कळशी तशीच परत अंगणात घेऊन गेली. एका बाजूला गेलेला नवरा, एका बाजूला पोरीचा श्वास. असं ओझं कुणावर येऊ नये.

पाचव्या दिवशी तिने रज्जाकभाईंना बोलावलं. सोबत पहार आणायला सांगितली. बैठक फोडायची आहे म्हटल्यावर ते दोन पावलं मागे सरले. "भाभी, ये तो आपके बुजुर्गों की जगह है. मैं इसपे हाथ कैसे चलाऊं?"

"तू तुन्ही मोरी फोडी व्हती ना मन्हासाठे?" ती म्हणाली. "पहार आन आठे." आणि तिने पहार त्यांच्या हातातून घेतली. पहिला घाव तिने स्वतः घातला. नेम चुकला, पहार ग्रॅनाइटवर घसरली. दुसऱ्या घावाला दगड हलला. मग रज्जाकभाईंनी तिला बाजूला बसवलं आणि बाकीचं त्यांनी केलं. ग्रॅनाइट निघाला तसा आतून एक कुबट वास आला, बंद पेटीचा असतो तसा. आतली वीट अजून काळी होती, नखाने उकरली की गारा निघत होता. मंछामायने त्या गाऱ्याला हात लावला आणि हात कपाळाला टेकला. रोज माठ भरताना लावायची तसाच. माठ अंगणात उपडे ठेवले गेले.

भिंतीला वाळायला पुढचे दोन महिने लागले. खिडकीचे खिळे निघाले, कापूस निघाला. टाइल काढून टाकल्या. गिलावा केलाच नाही, नुसता चुना. खालच्या अंगाला पिवळट डाग राहिला तो राहिलाच. जगदीशने सुरतचं नाव पुन्हा काढलं नाही. हिरलचं मशीन कपाटावर गेलं. मंछामाय भिंतीला गाल लावायची, पण आता काही बोलायची नाही. मला पाणी देताना तांब्या अर्धाच असायचा, आणि तो हातात घेताना मला अपराध्यासारखं वाटायचं.

मे महिन्यात माझी बदली झाली. सामान टेम्पोने पुढे गेलं, मी दुपारच्या जीपमध्ये बसले. निघताना मंछामाय घरी नव्हती. कल्पनाला विचारलं तर म्हणाली, "मळामा गयी. रोज जास. ऐकत नही." तिच्या हातात पाण्याची बाटली होती आणि ती सासूमागे जायला चपला घालत होती. मला वाईट वाटलं. एवढं राहिले, निरोपाला थांबली नाही म्हणून थोडा रागही आला.

मळ्याच्या रस्त्याला जीप लागली तेव्हा ती दिसली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. काळा चष्मा, अनवाणी, डोक्यावर तांब्याची घागर. पाणियाऱ्यावरची. जीप तिच्यामागून हळू येत होती म्हणून मला रस्ता नीट दिसत होता. तांब्या देताना माझ्या निऱ्या भिजवणारी बाई ती, पण मागच्या धुळीत कुठेही पाण्याचा थेंब पडलेला नव्हता. पुढे आप्पांचा तो लिंब होता.

मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि "माय!" म्हणून हाक मारली. तिने ऐकली, कारण तिची पावलं थांबली. मी पुन्हा हाक मारली. तिने एक हात वर करून मला जा म्हणून खुणावलं, पण मान वळवली नाही. घागर काठोकाठ भरली होती.